लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, त्याच दिवशी संकष्टी, आणि टेबल शोधायचं होतं हॅवलॉक बेटावर

परवा एका मित्राचा फोन आला, तो अंदमानला चाललाय, बायकोला सरप्राइज द्यायचंय, "भो, तू जाऊन आलाय ना, एखादं रोमँटिक हॉटेल सांग फक्त." फक्त म्हणे! मला ते "फक्त" शोधायला सहा महिने लागले. त्याला पाऊण तास फोनवर सांगूनही निम्मं राहिलं, म्हणून एकदाचं सगळं टाइप करतोय, अजून कोणाच्या कामी आलं तर बरंच.

सुरुवात झाली ऑगस्ट २०२४ मध्ये. आमच्या लग्नाला १६ फेब्रुवारी २०२५ ला पंचवीस वर्षं होणार होती. पोरगी पुण्याला नोकरीला असते, ती राखीला घरी आली तेव्हा म्हणाली की पप्पा हॉल घेऊन तीनशे माणसं जेवू घालू नका, तुम्ही दोघं कुठंतरी बेटावर जा. बेट! आम्ही जळगावची माणसं, आमच्या नशिबात तापी आणि तिच्यावरचं हतनूर धरण, समुद्र म्हटला की मुंबईला मेहुण्याकडे गेलो तर जुहू. तिनं बाली आणि मालदीवचे फोटो दाखवले, पाण्यावर टेबल, मेणबत्त्या, वगैरे. ही (म्हणजे आमच्या सौभाग्यवती) फोटो बघून एवढंच म्हणाली, "पाय ओले राहतील ना जेवताना."

बाली-मालदीव पासपोर्टपाशीच संपलं. माझा संपून चार वर्षं झालेली, हिचा कधी काढलाच नव्हता, आणि हिच्या आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. नाव दुरुस्त करून घ्यायच्या फेऱ्या मोजल्या आणि ऑक्टोबरमध्ये अंदमान पक्कं केलं. आपल्याच देशातलं बेट, आधारकार्डावर काम होतं, रुपये चालतात.

आता मूळ विषय. मी आयुष्यात कधी "रोमँटिक रेस्टॉरंट" निवडलेलं नाही. आमच्याकडे बाहेर जेवायचं म्हणजे हायवेवरच्या ढाब्यावर शेवभाजी किंवा हिवाळ्यात कोणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टी, तुराट्यांवर भाजलेली वांगी आणि कळण्याची भाकरी. तिथं मेणबत्ती लागते ती लाइट गेल्यावर. त्यामुळे मी तेच केलं जे सगळे करतात, नेटवरच्या याद्या वाचल्या. प्रत्येक यादीत तेच, अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरचा राधानगर बीच, सनसेट, कँडललाइट डिनर. राधानगरला टाइम मासिकानं २००४ मध्ये आशियातला सगळ्यात चांगला बीच म्हटलं होतं आणि ते वाक्य वीस वर्षं सगळे एजंट वापरताहेत. मीही वापरलं गेलो त्यात. नोव्हेंबरमध्ये एका एजंटला ८,५०० च्या "सनसेट रोमान्स पॅकेज"साठी ३,००० रुपये ॲडव्हान्स पाठवून मोकळा झालो आणि वाटलं झालं काम.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात २०२५ चं कालनिर्णय घरी आलं. ही दरवर्षी पहिलं काम करते ते म्हणजे संकष्ट्या बघणं. लग्नाआधीपासून करते, बाळंतपणाचे महिने सोडले तर एक चुकवलेली नाही, पद्मालयाच्या गणपतीवर फार श्रद्धा. फेब्रुवारीच्या पानावर बोट ठेवून स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, सोळा तारखेला चतुर्थी आहे."

झालं. सनसेट पॅकेज म्हणजे पाचला बसा, सातला उठा. आणि हिचा उपास सुटणार चंद्र बघून.

मी म्हणालो आदल्या दिवशी जेवू, पंधराला. तर म्हणे वाढदिवस सोळाचा आहे ना. मग म्हणालो एक चतुर्थी... पुढचं वाक्य मी पूर्ण केलं नाही, पंचवीस वर्षांत तेवढं शिकलोय. आई खाटेवरून ऐकत होती, ती अहिराणीतच बोलते, म्हणाली, "तठे चांद येगळा शे का? जठे जाशात तठे चांद उगी, मंग खाज्यात." म्हणजे जाल तिथं चंद्र उगवेल, मग खा.

आणि खरं सांगतो, आईच्या त्या वाक्यानंच माझी गाडी रुळावर आली. कारण मी हिशोब करायला बसलो. कालनिर्णयात त्या दिवशीचा आपल्याकडचा चंद्रोदय पावणेदहाच्या आसपास. पण अंदमान किती पूर्वेला आहे! जळगाव साडेपंचाहत्तर रेखांशावर, हॅवलॉक त्र्याण्णवच्या आसपास, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. एका अंशाला चार मिनिटं धरली तर साडेसतरा अंशाचे सत्तर मिनिटं, म्हणजे तिथं चंद्र साडेआठच्या सुमारासच उगवणार. याच कारणानं तिथं फेब्रुवारीत सूर्यही साडेपाचच्या आत मावळतो, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, दुपारी झोप काढून उठलात तर अंधार. मोबाइलवर ॲप असतात, त्यात ठिकाण टाकलं की वेळ मिळते, मी तीही पाहिली, दोन-चार मिनिटांच्या फरकानं तेच. आमच्या गुरुजींनाही विचारून घेतलं, ते म्हणाले जिथं आहात तिथलाच चंद्रोदय धरायचा. हिचं समाधान झालं.

पण मग लक्षात आलं की राधानगर बेटाच्या पश्चिमेला. सूर्य तिकडे मावळतो म्हणून तर फेमस. चंद्र उगवणार पूर्वेला! म्हणजे मला हवं होतं पूर्वेकडे तोंड असलेलं टेबल, विजयनगर किंवा गोविंदनगरच्या बाजूचं, ज्याला तिथं पाच नंबर आणि तीन नंबर बीच म्हणतात. एकाही यादीत हे नव्हतं, कारण सगळ्या याद्या सूर्याच्या मागे लागलेल्या.

एजंटला फोन केला तर म्हणाला ॲडव्हान्स परत मिळत नाही सर. रोज एक मेसेज, न चिडता, तारीख आणि पावतीचा फोटो टाकून. एकोणिसाव्या दिवशी १,५०० परत आले. उरलेले दीड हजार शिकवणीची फी समजलो. तुम्ही मात्र ॲडव्हान्स देताना "कॅन्सल केलं तर किती परत" हे लिहून घ्या मेसेजमध्ये, फोनवर बोललेलं कोणी मानत नाही.

मधल्या काळात बाकीची कामं. रजेचा अर्ज दिला, अर्जित रजा आणि मुख्यालय सोडायची परवानगी, साहेब म्हणाले फेब्रुवारीत कोण जातं हो, मार्चएंड तोंडावर आहे. कारण काय लिहू विचारलं तर हेडक्लार्क म्हणाला "कौटुंबिक" लिहा, "रोमँटिक" लिहू नका. दोन आठवडे फाइल फिरली, मग मंजूर. रेल्वेचं रिझर्वेशन १ नोव्हेंबरपासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, हे मला माहीत होतं म्हणून १४ डिसेंबरला सकाळी आठला बसलो आणि १२ फेब्रुवारीची नवजीवन मिळाली, थर्ड एसी. खान्देशातल्या माणसाला अंदमानसाठी नवजीवन एक्स्प्रेस फार सोयीची, नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत थेट चेन्नई, मुंबईला जायचं कामच नाही. चेन्नईहून विमान, दोघांचं जाऊन-येऊन सव्वीस हजार पडलं. ट्रेन लेट होऊ शकते म्हणून विमान त्याच दिवशीचं घेतलं नाही, एक दिवस चेन्नईत काढला.

आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की वही घेऊन फोन. अकरा ठिकाणी केले. शोधताना एक अडचण अशी की हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, आणि पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम, तर काही जण जुन्या नावानं सापडतात, काही नव्या, दोन्ही टाकून बघा. माझे प्रश्न ठरलेले. टेबलावरून समुद्र कुठल्या दिशेला? पहिल्या चौघांना दिशाच माहीत नव्हती, एक म्हणाला "सर, सी फेसिंग." अरे समुद्र चारी बाजूंनी आहे, बेट आहे ते. मग मी प्रश्न बदलला, सकाळी सूर्य तुमच्या समोरून उगवतो का मागून? याचं उत्तर सगळ्यांनी बरोबर दिलं.

दुसरा प्रश्न, किचन किती वाजता बंद होतं. तिथं संध्याकाळ लवकर होते तशी रात्रही लवकर, बऱ्याच जणांनी सांगितलं शेवटची ऑर्डर नऊ. साडेआठला चंद्र, अर्घ्य-आरती धरून पावणेनऊ, म्हणजे पंधरा मिनिटांत ऑर्डर. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, मासे तळतात त्याच तेलात आमची पुरी तळणार का, आणि कांदा-लसूण न घालता वरणभात मिळेल का. एका मोठ्या रिसॉर्टनं सांगितलं सगळं होईल, कँडललाइट सेटअप १२,०००, टॅक्स वेगळा. वेगळा म्हणजे किती? तर अठरा टक्के. जिथं खोलीचं भाडं साडेसात हजाराच्या वर असतं तिथल्या रेस्टॉरंटला अठरा, साध्या रेस्टॉरंटला पाच. १२,००० वर अठरा टक्के म्हणजे २,१६० रुपये, इतक्यात जळगावला किती केळीचे घड येतात याचा हिशोब हिनं तोंडी सांगितला.

जानेवारीत शेवटी जे सापडलं ते नेटवरून नाहीच. आम्ही पाच नंबरला जे साधं लॉज बुक केलं होतं, तिथल्या मॅनेजरला सहज सांगितलं. तो म्हणाला आमच्यापासून चार मिनिटांवर एक छोटं रेस्टॉरंट आहे, बंगाली दादा चालवतात, त्यांच्याशी बोला. हॅवलॉकवर बंगाली वस्ती मोठी, फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांना तिथं वसवलं होतं. दादांना मी हिंदीत सगळी रामकहाणी सांगितली. ते जरा वेळ गप्प, मग म्हणाले, "मतलब चाँद देखके खाएगा? करवाचौथ?" म्हटलं नाही, गणपतीचं, दर महिन्याला असतं. "हर महीना?" त्यांना फार कौतुक वाटलं. म्हणाले समोर सूर्य उगवतो, किचन त्या दिवशी दहापर्यंत चालू ठेवतो, शाकाहारी कढई वेगळी. दोन माणसांचे २,२००, मेणबत्त्या-फुलं धरून. ॲडव्हान्स ५००, आणि नाही आलात तर परत पाठवीन. मी त्यांना म्हटलं टेबल वाळूवर मिळेल का, तर म्हणाले अंगणातच, वाळूवर नाही मांडत, कासवं अंडी घालायला येतात त्या दिवसांत, किनाऱ्याकडे मोठे दिवेही लावत नाही. मला तर ते आवडलंच. हिच्या पायांचा प्रश्नही सुटला.

१२ ला सकाळी निघालो, १३ ला पहाटे चेन्नई, १४ ला विमान. त्या दुपारी सेल्युलर जेल पाहिलं. तिथं गेल्यावर कोठडीत उभं राहून दोघंही बराच वेळ काही बोललो नाही, त्यावर वेगळं लिहीन. १५ ला सकाळी खासगी फेरी, माणशी १,६०० च्या आसपास, दीड-दोन तास. तासभर आधी जेट्टीवर जावं लागतं, बॅगा स्कॅन होतात, आधार बघतात. हिच्या आधारावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव मी तीनदा ताडून पाहिलं होतं तरी पोटात गोळा होताच. हिच्या बॅगेत भगर, साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, राजगिऱ्याचे लाडू आणि कशासाठी देव जाणे, उडदाचे पापड.

आता एक टीप, मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली. आदल्या दिवशी जाऊन बघा. जेवायला नाही, नुसतं बसायला. चंद्र रोज पन्नास मिनिटांच्या आसपास उशिरा उगवतो, त्यामुळे १५ ला तो पावणेआठच्या सुमारास येणार हे माहीत होतं. साडेसातला जाऊन चहा घेऊन बसलो. दादांनी आमच्यासाठी जे टेबल ठरवलं होतं तिथून समुद्र छान दिसत होता, आणि चंद्र आला तो थेट दोन माडांच्या आणि शेजारच्या लॉजच्या पाण्याच्या टाकीच्या मागून! टाकीमागून चंद्र. ही इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचं जोडपं बघायला लागलं. टेबल डावीकडे पंधरा पावलं सरकवलं तर मोकळं आभाळ मिळत होतं, फक्त तिथं जनरेटरचा आवाज जरा जास्त. आम्ही आवाज घेतला आणि टाकी सोडली.

१६ तारीख, रविवार. सकाळी काळापत्थर बीचला फिरून आलो, दुपारी लॉजच्या किचनमध्ये हिनं स्वतः भगर शिजवली, तिथल्या पोरानं विचारलं ये कौनसा चावल है. संध्याकाळी हिनं पैठणी काढली. पैठणी! मला माहीतच नव्हतं आणली आहे, म्हणे भगरीच्या खाली होती. मी हाफ पँटमध्ये होतो, निमूट जाऊन पँट बदलली.

आठला पोचलो. दादांनी जास्वंद आणून ठेवली होती, दोन मेणबत्त्या काचेच्या बरणीत. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं, मधे काळे दगड. साडेआठ झाले, चंद्र नाही. आठ पस्तीस, नाही. क्षितिजावर ढगांचा पट्टा, दिवसा दिसलाच नव्हता. आठ चाळीस. ही सकाळपासून भगरीवर, काही बोलत नव्हती पण गणपतीचं नाव चालू होतं ते ओठांवरून कळत होतं. मी मनातल्या मनात तिथी, रेखांश, ॲप, सगळ्यांना शिव्या घातल्या. एवढे अकरा फोन, वही, टाकीचा बंदोबस्त, आणि ढगाचा रकाना मी वहीत केलाच नव्हता. तेवढ्यात लाइट गेली. सगळी. दादा आतून ओरडले "दो मिनट, जनरेटर!" आणि हिनं हात वर करून सांगितलं, नको, राहू द्या.

मग त्या ढगाची वरची कडा उजळली. आधी नुसती तांबूस रेघ, जशी चुलीतल्या गोवरीची असते तशी, आणि मग हळूच चंद्र, वरून जरा कापलेला, पिवळा, ओल्या वाळूवर त्याचा पट्टा थेट आमच्यापर्यंत. आठ सत्तेचाळीस. हिनं तांब्यातून पाणी सोडलं, अक्षता वाहिल्या. मी फोटो काढायचा विसरलो, त्यामुळे फोटो मागू नका.

वरणभात, तूप, पुरी, भोपळ्याची भाजी, टोमॅटोची गोड चटणी. वरणात बंगाली पद्धतीनं थोडी साखर होती, मला चाललं, हिला नाही, तिनं पर्समधून हिरव्या मिरचीचा ठेचा काढला. ती पर्स नक्की किती खोल आहे हे मला पंचवीस वर्षांत समजलेलं नाही. आणि शेवटी दादांच्या बायको स्वतः एक ताटली घेऊन आल्या, वाफाळलेले पांढरे अर्धचंद्र, तांदळाच्या पिठाचे, आत खोबरं आणि गूळ. त्याला ते पुली पिठे म्हणतात, संक्रांतीला करतात. दादांनी त्यांना सांगितलं होतं गणपतीचा उपास आहे, गोड पाहिजे. ही एक तोडून बघते तर, "अहो, हे तर उकडीचे मोदकच!" आपल्याकडे खान्देशात मोदक तळणीचे, उकडीचे आम्ही कोकणातल्या कोणाकडे गेलो तर. बहिणी-बहिणीसारख्या दोघी बोलत बसल्या, एक मराठी-हिंदीत, दुसरी बंगाली-हिंदीत, खोबरं कसं परतायचं यावर. माझ्या रोमँटिक डिनरमधली वीस मिनिटं त्यात गेली.

बिल आलं २,३१०, पाच टक्के टॅक्स धरून. त्यावर एसजीएसटीच्या जागी यूटीजीएसटी लिहिलेलं बघून माझ्यातला क्लार्क खूश झाला, केंद्रशासित प्रदेश आहे ना. यूपीआय दोनदा अडकलं, रोख दिले, रोख जवळ ठेवाच. पिठ्यांचे पैसे घेतले नाहीत.

तिथूनच आईला फोन लावला, नऊ वाजून गेले होते. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आलीय तेव्हापासून नेट बरं आहे म्हणतात, आमचा व्हिडिओ काही लागला नाही पण आवाज स्वच्छ. म्हटलं आई, चंद्र दिसला, जेवलो आम्ही. तिकडून, "तुमनं खाणं व्हई बी गयं? आठे आजून चांद उना नही भो, मी भुकी बशेल शे."

डोक्यातच नव्हतं! आईचीही चतुर्थी. जळगावला चंद्र उगवायला अर्ध्या तासाच्या वर बाकी.

ताटलीत एक पिठा उरला होता. हिनं तो उचलला नाही, दादांकडून केळीच्या पानात बांधून घेतला. लॉजवर येऊन पायरीवर बसलो, पैठणी सांभाळत, डास मारत. पावणेदहाला तिनंच फोन लावला, "आई, आला का हो?" आई म्हणाली आला, गच्चीवर आहे, कडुनिंबाच्या वर दिसतोय. मग हिनं पान सोडलं, अर्धा मला दिला.